दुधाचे कान

मी बावीस वर्षं शिवणकाम शिकवलं आणि एक दिवस ऐकू येणाऱ्या माणसाचं काम केलं. दोन्हींत दुसरं काम जास्त अवघड होतं, आणि त्यात मी साफ नापास झालो. दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा, असं पत्र आलं तेव्हा मी कापड, मापं, काजं, तिरपा कट असं सगळं लिहायला बसलो होतो. दोन पानं झालीही होती. बायकोने ती वाचली आणि हातांनीच म्हणाली, "हे शिंपीसुद्धा वाचणार नाही. त्या तपासणीचं लिहा." म्हणून लिहितो.

मी बहिरा आहे. सातव्या वर्षी मुदतीचा ताप आला; तो गेला तेव्हा कानही घेऊन गेला. तोवर मी मराठी दोन पुस्तकं शिकलो होतो, म्हणून वाचणं-लिहिणं टिकलं. आवाजही टिकला, पण तो कसा आहे हे मला ठाऊक नाही. लोकांच्या चेहऱ्यावरून वाटतं, फारसा बरा नसावा. पुढे नागपूरला बहिऱ्यांच्या शाळेत शिवणकाम शिकलो, आणि वसतिगृहात थोरल्या मुलांकडून हातांची भाषा शिकलो. ही दुसरी गोष्ट तिथल्या अभ्यासक्रमात नव्हती.

या लेखात जे जे कोणी बोलतं, ते मी ओठांवरून, पाटीवरून किंवा हातांवरून उचललेलं आहे. मुलांच्या हातांचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिलं आहे. आमची मुलं वऱ्हाडातली, त्यांचे हात काय पुण्याचं बोलणार?

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकी काढायच्या जिनिंगच्या मागे, मूकबधिर मुलांची शाळा होती. तीस-बत्तीस मुलं, चार शिक्षक, एक स्वयंपाकीणबाई आणि मोत्या नावाचा एक कुत्रा. शिवणाचे मास्तर सोडून गेले म्हणून जाहिरात निघाली. 'उमेदवारास ऐकू यावे' असं तीत कुठेही नव्हतं, म्हणून मी अर्ज केला. माझं अक्षर वळणदार आहे. मुलाखतीला गेलो तेव्हा हेडमास्तर जोगळेकरांनी मला बरेच प्रश्न विचारले म्हणे. मला फक्त त्यांच्या मिश्या हलताना दिसल्या.

या मिश्यांविषयी सांगितलं पाहिजे. जोगळेकर सर भले गृहस्थ होते, पुण्याहून खास प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांची पद्धत अशी, की बहिऱ्या मुलाने समोरच्याचे ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावं. हात हलवायचे नाहीत. हात हलले की मूल आळशी होतं. मुलांच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हणताना ती फडफडली पाहिजे. मुलाचा एक हात स्वतःच्या गळ्यावर, दुसरा सरांच्या गळ्यावर, म्हणजे आवाजाचा कंप कळतो. तीस मुलांचे खडूचे हात लागून दुपारपर्यंत सरांची कॉलर पांढरीफटक व्हायची. इतकी मेहनत घेऊनही ओठ वाचण्यात मुलं पुढे सरकेनात. सर कष्टी व्हायचे. आणि या सगळ्या काळात त्यांच्या वरच्या ओठावर अशा काही झुपकेदार मिश्या होत्या, की खाली ओठ आहे की नाही हेच कळू नये. कान धड असलेल्या चार शिक्षकांना हे तीन वर्षांत सुचलं नव्हतं. मी आठवड्याभरात पाटीवर लिहून दिलं, "सर, दार बंद ठेवून आत या म्हणता." सर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोलले असते तरी मला कळलं नसतं, हेही खरं.

तरी त्यांनी मला ठेवून घेतलं, कारण मुलं माझ्याकडे शिकत होती. ऐकणारा शिंपी यंत्राच्या आवाजावरून ओळखतो, की सुई बोथट झाली किंवा दोरा ताणला गेला. आम्ही डावा तळहात यंत्राच्या मानेवर ठेवतो. सुई बरी असली की तळहाताला एकसारखी थरथर लागते. बोथट झाली की मधेच ठेच लागते. हे कुठल्या पुस्तकात नाही. मला नागपूरच्या बहिऱ्या मास्तरांनी शिकवलं, मी या मुलांना शिकवलं. आणि शिकवताना अर्थातच हात हलायचे. शिवणाच्या खोलीत काय चालतं ते सर जाणून होते. खोलीकडे येताना ते मुद्दाम लांबून, खिडकीसमोरून यायचे, म्हणजे आम्हाला हात खाली घ्यायला वेळ मिळावा. त्यांच्या भलेपणाबद्दल मी म्हटलं ते यासाठी.

पण मुलांना माझ्याबद्दल वेगळीच शंका होती. मी बहिरा आहे यावर त्यांचा विश्वासच बसेना.

त्यांचंही बरोबर होतं. त्यांनी आजवर पाहिलेली सगळी मोठी माणसं ऐकणारी. आई, बाप, मास्तर, पोस्टमन, स्वयंपाकीणबाई, सगळी. बहिरी काय ती मुलंच. यावरून त्यांनी एक शास्त्र बसवलं होतं, आणि त्या शास्त्राची आचार्या होती पारू.

पारू सोनाळ्याची, बारा वर्षांची, हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका. आमच्यात प्रत्येकाला हाताच्या खुणेचं नाव असतं. तिचं नाव म्हणजे हनुवटीवर एक बोट. हेडमास्तरांचं नाव काय असेल ते तुम्ही ओळखलंच. तर पारूचं म्हणणं असं, की दुधाचे दात पडून पक्के येतात तसेच हे आमचे कान दुधाचे आहेत. मोठं झालं की पक्के येतात. धाकट्या पोरांना ती सकाळी ओळीत उभं करून कानात डोकवायची, आणि कोणाला अजून किती दिवस लागतील ते सांगायची. एका पोराला तिने 'दिवाळीपर्यंत' असं सांगितलं होतं. तो कान रोज तेलाने चोळत होता.

हसण्यासारखं होतं, आणि मी हसलोही. पण गोम अशी होती, की कान येणार म्हटल्यावर पारू काहीच शिकत नव्हती. लिहायला सांगितलं की म्हणायची, "काऊन? कान आले का घरी जाऊन मायपाशी शिकीन." शिवायला बसवलं की एक टीप मारून आभाळाकडे पाहत बसायची. तिचा बाप दिवाळीत येऊन हेडमास्तरांना सांगून गेला होता, "गुरुजी, होळीपर्यंत पोरगी काई शिकली तं ठीक, नाई तं घरी नेतो. बकऱ्या चाराले काई शाळा लागत नाई." जोगळेकर सरांनी ते मला पाटीवर लिहून दाखवलं आणि खाली रेघ मारली. पारूच्या आयुष्याचा निकाल होळीला लागणार होता, आणि ती कानांची वाट पाहत बसली होती.

म्हणून मी ठरवलं, हिला पटवायचं की मी बहिरा आहे. मी मोठा, मला मिशी, मला बायको, आणि मी बहिरा.

पारू सहजी मानणारी नव्हती. तिने परीक्षा घ्यायचं ठरवलं. अडचण अशी, की परीक्षा घेणारे सगळे बहिरे. माझ्यामागे ताट वाजवलं तर ते खरंच वाजलं की नाही हे त्यांना कसं कळणार? पायांना जमिनीचा हादरा कळतो, पण तो मलाही कळतो, म्हणून तो बाद. यावर बराच खल झाला. शेवटी पिंजाऱ्याचा रहीम म्हणाला, "मोत्याले बसवा."

मला पटांगणात मातीवर बसवलं, शेजारी मोत्याला बसवलं. दोघांची तोंडं भिंतीकडे. मागून पितळी ताटावर पळी हाणली. मोत्या तीन हात उडाला आणि भुंकत सुटला. मी भिंतीकडे पाहत होतो. पुन्हा मोत्याला धरून आणलं, पुन्हा ताट, पुन्हा मोत्या उडाला, मी बसलेलो. तिसऱ्या खेपेला मोत्या यायला तयार होईना. रहीमने जाहीर केलं, "कुत्रा पास, मास्तर नापास!" आणि मुलं नाचायला लागली. मी आयुष्यात इतक्या आनंदाने कधी नापास झालो नव्हतो. धाकट्यांनी माझे कान धरून धरून पाहिले. तेलवाल्या पोराने त्या दिवसापासून तेल डोक्याला लावायला सुरुवात केली.

पारू मात्र लांब उभी होती. तिने विचार करून निकाल दिला, "मास्तर आजून पुरे मोठे नाई झाले. वाट पाहू."

हे चालू असतानाच पत्र आलं, की तपासनीस साहेब येत आहेत.

जोगळेकर सरांनी मला खोलीत बोलावून पाटी भरभरून लिहिली. शाळा नवीन, मान्यता कच्ची. बहिऱ्यांना बोलायला शिकवणारी शाळा, आणि तिच्यात बहिरा शिक्षक म्हटल्यावर साहेब काय म्हणतील? आधी तुम्हाला काढतील, मग शाळेची मान्यता. पाटी पुसून त्यांनी शेवटी लिहिलं, "एक दिवस ऐकू आल्यासारखं करा." त्यांचा चेहरा इतका केविलवाणा होता, की मी हो म्हटलं. आजही मला त्या 'हो'ची लाज वाटते.

मग तालीम सुरू झाली. सर साहेबांच्या पाठीमागे उभे राहणार. उजवी मिशी चाचपली की मी म्हणायचं, "हो साहेब." डावी चाचपली की, "नाही साहेब." चष्मा काढला की, "आपली कृपा." आवाजाचा भरवसा नव्हता म्हणून गळ्याला मफलर गुंडाळायचा आणि घसा बसलाय म्हणून सांगायचं. फेब्रुवारी संपत आलेला, आमच्याकडचं ऊन चढायला लागलेलं, आणि मी लोकरीच्या मफलरमध्ये. शिवाय दचकण्याची तालीम झाली. सरांचं म्हणणं, ऐकणारा माणूस अचानक आवाजाला दचकतो, ते आलं पाहिजे. मी बायकोसमोर घरी दचकून दाखवलं. ती म्हणाली, "विंचू चावल्यासारखं दिसतं." थोडं कमी केलं.

साहेब आले, ते मुलं शिवत बसली असताना थेट शिवणाच्या खोलीत. गोल चेहरा, गुळगुळीत दाढी, ओठ अगदी स्वच्छ वाचता येण्यासारखे. पण माझं सगळं लक्ष सरांच्या मिश्यांकडे. पहिले काही प्रश्न उत्तम गेले. हो साहेब. नाही साहेब. आपली कृपा. मला वाटलं, ऐकणं म्हणजे एवढंच असेल तर लोक उगाच भाव खातात.

मग सरांच्या मिशीवर माशी बसली.

त्यांनी उजवीकडून हाकलली, ती डावीकडे गेली. डावीकडून हाकलली, ती उजवीकडे. मी म्हणत गेलो, "हो साहेब. नाही साहेब. हो साहेब. नाही साहेब." सरांनी घाबरून चष्माच काढला. "आपली कृपा," मी म्हणालो. साहेबांनी विचारलं होतं, "तुमचं लग्न झालंय का?" हे मला नंतर कळलं.

ते सावरायला म्हणून मी दचकलो. कुठे काही वाजलं नव्हतं. पण ऐकणाऱ्या माणसांना दर दोन-तीन मिनिटांनी काहीतरी ऐकू येतच असणार, असा माझा हिशेब. म्हणून मी ठरावीक वेळाने दचकत राहिलो. साहेबही माझ्यासोबत इकडेतिकडे पाहायला लागले. सर भिंतीला टेकले. इतक्यात स्वयंपाकीणबाईने ठरल्याप्रमाणे बाहेर घंटा दिली, सरांनी डोळ्यांनी खूण केली, आणि मी झकास वळून दाराकडे पाहिलं. तालमीतसुद्धा इतकं सुबक झालं नव्हतं.

वळलो तेव्हा मला पारू दिसली. ती जागेवरून उठली होती. घंटा बाहेर हलताना तिला खिडकीतून दिसत होती, आणि मी वळलेला दिसत होतो. तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला होता, की तो मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. तिने रहीमला ढोसून, साहेबांच्या देखत, हात वर करून सांगितलं, "पाह्य बे! सांगतलं होतं ना म्या! मास्तरले कान आले!"

सगळी मुलं माझ्याकडे पाहायला लागली. तेलवाल्या पोराचा हात आपसूक कानाकडे गेला.

साहेब पारूपाशी गेले. तिच्या पुढ्यात एका टिपेचं झबलं पडलेलं होतं, चार महिन्यांपासून तेच. त्यांनी ते उचलून पाहिलं आणि खुणेने विचारलं, पुढे का नाही शिवलं? पारूने आनंदाने, दोन्ही हातांनी, अगदी सावकाश उत्तर दिलं. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ही काय म्हणते आहे?"

हे मी त्यांच्या ओठांवरून वाचलं. सरांकडे पाहिलं, त्यांचा हात हवेत थांबला होता. याला उजवी मिशीही चालत नव्हती आणि डावीही.

मी मफलर सोडला. तोंडाने म्हणालो, "साहेब, ती म्हणते, मास्तरांसारखी मोठी झाली की मलाही कान येतील, मग शिकेन. साहेब, मला कान आलेले नाहीत. मी सातव्या वर्षापासून ठार बहिरा आहे." माझा आवाज कसा लागला माहीत नाही, सरांनी डोळे मिटून घेतले एवढं पाहिलं. मग मी पारूकडे वळलो आणि हातांनी म्हणालो, "मी खोटं केलं. मी बहिरा आहे. मोठा झालो तरी बहिराच राहिलो. तूही मोठी होशील, आणि बहिरीच राहशील."

पारूने झबलं खाली टाकलं आणि खोलीबाहेर निघून गेली.

साहेबांनी माझी पाटी मागून घेतली. मला वाटलं, बडतर्फीच लिहितात. त्यांनी लिहिलं, "मग इतका वेळ दचकत कशाला होता?"

माणूस वाईट नव्हता. पण नियमात बहिरा शिक्षक बसत नव्हता, बहिरा कारागीर बसत होता. त्यामुळे शेरेबुकात मी 'शिवणयंत्र कारागीर' झालो आणि कागदावर बावीस वर्षं तोच राहिलो. शाळेचं काही बिघडलं नाही. जोगळेकर सरांनी त्याच आठवड्यात मिश्या काढल्या. मुलांना त्यांचे ओठ प्रथमच दिसले आणि वर्गात 'प', 'ब', 'म' अशी नुसती दिवाळी झाली. मात्र सरांचं खुणेचं नाव मुलांनी बदललं नाही. नसलेल्या मिश्यांना पीळ देऊनच ती त्यांना हाक मारत राहिली, आणि सर ती हाक ओळखायला लागले.

पारू तीन दिवस कोणाशी बोलली नाही. जेवायला बसायची आणि भाकरी कुस्करून उठायची. मी दोनदा समोर गेलो. तिने पाठ फिरवली. आमच्यात पाठ फिरवली की बोलणंच संपतं, दाराबाहेरून हाक मारायची सोय नसते. होळीला आठ दिवस राहिले होते. मला राहून राहून वाटत होतं, की मी खरं सांगितलं ते तिच्यासाठी की माझी लाज झाकायला?

चौथ्या दिवशी दुपारी मी एकटाच सुया पुसत होतो. ती आली, माझ्यासमोर बसली आणि हात उचलले.

"तुमच्यानं माहे कान गेले."

"हो," मी म्हणालो.

तिने यंत्राचं चाक एकदा फिरवलं. मग म्हणाली, "यष्टीत कंडक्टर मागून वरडला तं?"

"पाठीत गुद्दा घालतो. मग कळतं."

"चुलीवर दूध उतू गेलं तं?"

"समोरून हलायचं नाही. ऐकणाऱ्या बायकांचंही जातंच की उतू."

"लेकरू रडलं तं?"

"माझी बायको पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधते. पाळणा हलला की अंगठा ओढला जातो."

तिचे डोळे मोठे झाले. "तुमची बायको बी?"

"तीही."

हे तिला पचायला जरा वेळ लागला. बहिऱ्याचं लग्न होतं, तेही बहिरीशी, आणि वर लेकरू होतं. मग तिने विचारलं, "सगळ्याईत मोठं बहिरं कोन हाये?"

मला वडनेर भोलजीची एक म्हातारी आठवली. मी विशीत असताना तिला बाजारात भेटलो होतो. भाजीवाल्याशी हातांनी घासाघीस करत होती. पुढे आमचं जाणं-येणं झालं. मी पारूला तिच्याबद्दल सांगितलं.

"किती वर्साची?"

"सत्तरीची असेल."

"अन् आजून बहिरीच?"

"ठार."

मग अगदी हळू, जणू कोणी पाहील अशा भीतीने, तिने विचारलं, "जिती हाये?"

मला क्षणभर अर्थच लागेना. लागला तेव्हा हातातल्या सुया खाली ठेवल्या. या मुलांनी माझ्याआधी मोठं बहिरं माणूस कधी पाहिलंच नव्हतं. मग मोठेपणी बहिऱ्यांचं काय होत असेल? त्यांच्या हिशेबात दोनच गोष्टी होत्या: कान येतात, नाहीतर माणूस उरत नाही. पहिली वाट मी तीन दिवसांपूर्वी साहेबांदेखत बंद केली होती. ही पोर तीन दिवस दुसरी वाट घेऊन फिरत होती, आणि मला वाटत होतं ती रुसली आहे. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

"जिवंत आहे," मी म्हणालो. "चांगली धडधाकट. पान खाते. नातवंडांना बडवते. सुनेशी रोज भांडते."

"सून बहिरी हाये?"

"छे. सुनेला टाचणी पडलेली ऐकू येते."

"मंग भांडनात जिकते कोन?"

"म्हातारी. आपलं हातांनी सगळं बोलून घेते, आणि सून बोलायला लागली की डोळे मिटून बसते."

पारूने थोडा विचार केला. मग तिने हात मांडीवर ठेवले, मान ताठ केली आणि डोळे घट्ट मिटून पाहिले. चांगला वेळ ती तशीच बसून होती, आणि हळूहळू तिला हसू फुटत होतं.